बाटलीला टपाल बंद का?

गोव्यात म्हापशाला राहणाऱ्या बहिणीने नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या भावाला घरच्या वस्तू पाठवायच्या ठरवल्या आणि एका खोक्यात काजू, कोकमाची आमसुले आणि काजूच्या फेणीची एक बाटली भरली, तर त्या खोक्यातले काजू आणि आमसुले कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतात. फेणीमुळे मात्र सगळे खोकेच अडचणीत येते. गोव्यात फेणी उघड विकली जाते. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले, म्हणजे सरकारनेच तिला त्या भूमीची खास वस्तू म्हणून मान्यता दिली. इकडे सीवूड्स, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यातही परवानाधारक दारूची दुकाने आणि परमिट रूम आहेत. पाठवणाऱ्या गावी दारू कायदेशीर, घेणाऱ्या गावीही कायदेशीर. मग मधल्या वाटेवर टपालाच्या पिशवीतच ती बेकायदा का ठरावी? या प्रश्नाची तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. बाटली फुटते, दारू पेट घेते, आणि सरकारला दारूचे वावडे आहे. तिन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, पण एकानेही पूर्ण उलगडा होत नाही. माझ्या मते खरे कारण टपाल आणि दारूचा कायदा या दोन व्यवस्थांच्या स्वभावात आहे. टपाल काही न विचारता वस्तू पोचवते, दारूचा कायदा मात्र प्रत्येक पायरीला विचारणा करतो. या दोन्ही गोष्टी एका पाकिटात नांदू शकत नाहीत. त्या वेगळ्या ठेवण्यातच टपालाचे भले आहे आणि गावाने दारूविषयी घेतलेल्या निर्णयाचेही, हे या प्रकरणात दाखवायचे आहे.

फुटणे आणि पेटणे

आधी सोपी कारणे तपासू. बाटली काचेची असते आणि फुटली तर आजूबाजूची पत्रे, पासपोर्ट, औषधे भिजतात, हे खरेच. पण काचेच्या बाटलीतले लोणचे, मध आणि आयुर्वेदिक तेलही पार्सलाने जाते. नीट गुंडाळणे आणि द्रव शोषून घेणारे अस्तर घालणे हा त्यावरचा उपाय पार्सलांचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. केवळ फुटण्याची भीती असती, तर बंदी न घालता बांधणीचा नियम करून भागले असते.

पेट घेण्याचा धोका अधिक खरा आहे. भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते. चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्या द्रवाची वाफ सुमारे २६ अंश सेल्सिअसला ठिणगीने पेटू शकते. नवी मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस दुपारचे तापमान यापेक्षा जास्त असते आणि उन्हात उभ्या असलेल्या टपालाच्या गाडीत तर ते आणखी चढते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नियमांत मद्य ज्वलनशील द्रवांच्या वर्गात मोडते आणि त्याला ३०६५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. विमान वाहतुकीत त्याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयाला धोकादायक मालाचे निर्बंध लागत नाहीत. २४ ते ७० टक्क्यांपर्यंतची दारू दुकानातल्या मूळ वेष्टनात, प्रवाशामागे ५ लिटरपर्यंत नेता येते. ७० टक्क्यांच्या वरची दारू प्रवाशाला सामानात नेताच येत नाही.

याच पायऱ्या सुरक्षिततेच्या युक्तिवादाची मर्यादाही दाखवून देतात. बिअरमध्ये बहुधा चार ते आठ टक्के अल्कोहोल असते आणि नाशिकच्या द्राक्षांच्या वाईनमध्ये बारा-तेरा टक्के. दोन्ही २४ टक्क्यांच्या पुष्कळ खाली आहेत, त्यामुळे आगीच्या भीतीने त्यांना रोखण्याचे कारण उरत नाही. तरीही सीवूड्समधल्या रहिवाशाला परराज्यातून वाईनची बाटली टपालाने मागवता येत नाही. म्हणजे बंदीचे मूळ रसायनशास्त्रात सापडत नाही, ते राज्यव्यवस्थेत शोधावे लागते.

दोन सत्ता, दोन स्वभाव

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची वाटणी आहे. टपाल केंद्राच्या सूचीत ३१ व्या नोंदीत येते. मादक पेये राज्यांच्या सूचीत ८ व्या नोंदीत येतात. त्यांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सगळे राज्याच्या हाती आहे. पिण्याच्या दारूवर उत्पादन शुल्क लावण्याचा अधिकार त्याच सूचीच्या ५१ व्या नोंदीने राज्याला मिळतो. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू आणि सेवा कर लागू झाला, पण पिण्याची दारू त्यातून जाणीवपूर्वक बाहेर ठेवली गेली. साबण, कापड, मोबाइल यांच्यासाठी देश एक बाजारपेठ झाला. दारूसाठी प्रत्येक राज्य आजही स्वतंत्र बाजारपेठ आहे. म्हणूनच बाटलीच्या लेबलवर ती कोणत्या राज्यात विकायची ते छापलेले असते.

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा १९४९ चा. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जाई, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. नावातली दारूबंदी आज राज्यभर अमलात नाही, पण कायद्याची रचना तीच आहे. त्याचे १२ वे कलम दारू गाळणे, आयात-निर्यात करणे, वाहून नेणे, बाळगणे, विकणे आणि विकत घेणे या सगळ्याला आधी सरसकट मनाई करते. मग पुढची कलमे आणि नियम परवान्यांच्या रूपाने एकेक दार उघडतात. दुकानाला परवाना लागतो, परमिट रूमला वेगळा, माल हलवायला वाहतुकीचा पास आणि पिणाऱ्यालाही स्वतःचे परमिट. वयाची अट सौम्य मद्यासाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. महाराष्ट्रात दारूबाबत परवानगी हा अपवाद आणि मनाई हा नियम आहे, हे लक्षात घेतले की पुढचे सारे सोपे होते. ज्या वाहतुकीला पास नाही ती वाहतूक गुन्हा ठरते, मग बाटली एक असो वा शंभर पेट्या. परवानगीशिवाय आयात किंवा वाहतूक करणाऱ्याला ६५ व्या कलमाखाली तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे.

आता टपालाकडे पाहू. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात दारूचा नावाने उल्लेख नव्हता. त्याच्या १९ व्या कलमाने स्फोटक, धोकादायक, घाण, अपायकारक पदार्थ, नीट न झाकलेली धारदार हत्यारे आणि इजा करू शकणारे जिवंत प्राणी पाठवायला मनाई केली होती. तो भंग करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. ज्या पार्सलात निषिद्ध किंवा शुल्कपात्र वस्तू असल्याचा संशय असेल, त्याच्या पत्त्यावरच्या माणसाला लेखी सूचना देऊन टपाल कचेरीत बोलवायचे आणि त्याच्यासमोर पार्सल उघडायचे, अशी तरतूदही त्या कायद्यात होती. सव्वाशे वर्षांनी हा कायदा गेला आणि टपाल कायदा, २०२३ त्याच्या जागी आला. तो १८ जून २०२४ पासून लागू आहे. नव्या कायद्याने जुने गुन्हे आणि शिक्षा काढून टाकल्या. त्यामुळे काहींना वाटते की आता टपालाने काहीही पाठवावे. हा समज चुकीचा आहे. टपालाच्या कायद्यातली शिक्षा गेली तरी राज्याचा दारूबंदी कायदा जागेवर आहे. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जबाबदार धरण्याचा भार आता मुख्यतः त्याच्यावर पडतो.

या दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून पाहाव्यात. चांगले टपाल कुणाला आत काय आहे ते विचारत नाही. पत्ता वाचते, वजन करते आणि मेळघाटातल्या पाड्यापासून मुंबईच्या उंच इमारतीपर्यंत सारख्याच निर्विकारपणे पोचवते. पाकीट न उघडणे हा त्याचा धर्म आहे आणि त्यावरच लोकांचा विश्वास उभा आहे. दारूच्या कायद्याचा धर्म नेमका उलट आहे. विकणारा कोण, घेणारा कोण, वय किती, कर कुठे भरला, माल कुठून कुठे चालला, आज ड्राय डे तर नाही ना, हे सगळे विचारल्याशिवाय तो एक पाऊल पुढे जाऊ देत नाही. दारू टपालात घातली की दोनांपैकी एकाला आपला धर्म सोडावा लागतो. एक तर पोस्टमनने निरीक्षक व्हायचे, नाहीतर दारूच्या कायद्याने डोळे मिटायचे.

एका देशाने केलेला प्रयोग

डोळे मिटले तर काय होते, हे अनुमानाने सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेला. आयोवासारख्या काही राज्यांनी दारूबंदी केली होती, पण राज्याराज्यांमधला व्यापार हा केंद्राचा विषय होता. १८९० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लिसी विरुद्ध हार्डिन या खटल्यात ठरवले, की परराज्यातून आलेली दारू मूळ वेष्टनात असेपर्यंत तिची विक्रीदेखील दारूबंदी करणारे राज्य थांबवू शकत नाही. त्याच वर्षी काँग्रेसने विल्सन कायदा करून राज्यांना अधिकार परत द्यायचा प्रयत्न केला. परंतु १८९८ साली न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला, की माल प्रत्यक्ष घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत राज्याचा कायदा लागू होत नाही. परिणाम उघड होता. परराज्यातले व्यापारी जाहिराती पाठवत, ऑर्डर घेत आणि दारूबंदीच्या गावांत थेट घरी व्हिस्की पोचवत. गावाने मत देऊन दुकान बंद केले तरी दारू रेल्वेने येतच राहिली, आणि गावाच्या हातून नियमनही गेले आणि करही गेला.

यातून अमेरिकेने दोन पावले उचलली. १९०९ साली सर्व प्रकारची मादक पेये टपालाने पाठवण्यास अयोग्य ठरवली. १९१३ साली वेब-केन्यन कायद्याने जिथे राज्याचा कायदा मोडतो तिथे परराज्यातून दारू नेण्यास मनाई केली. १ जानेवारी १९१३ रोजी तिथे पार्सल टपाल सुरू झाले, तेव्हा दारू आधीच त्याच्या बाहेर होती. पुढे देशभर दारूबंदी आली, १९३३ साली ती उठली, तरीही टपालावरचा मज्जाव आजतागायत टिकला आहे. ज्या देशाने दारूबंदीचा प्रयोग उघडपणे मागे घेतला त्याने हा नियम मात्र सोडला नाही, ही बाब बोलकी आहे. म्हणजे हा नियम दारूबंदीच्या धोरणाचे शेपूट नाही, त्याचे प्रयोजन स्वतंत्र आहे. त्यामुळेच न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने सीवूड्सच्या नातेवाइकांना तिथल्या टपालाने वाईन पाठवायची म्हटली, तर ती निघायच्या आधीच थांबते.

अमेरिकेतला हा अनुभव आपल्याकडे मुंबईच्याच एका खटल्यात तपासला गेला. मुंबई दारूबंदी कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. औषधे आणि प्रसाधने यांतल्या अल्कोहोलवरची काही बंधने न्यायालयाने रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. मूळ वेष्टन उघडेपर्यंत राज्याने हात लावू नये हे अमेरिकी तत्त्वही न्यायालयासमोर आले होते. भारताच्या घटनेत त्याला जागा नाही, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे माल कुठूनही येवो, राज्यात आला की बाळगण्याचे आणि विकण्याचे नियम राज्याचे. पुढे १९९४ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही हेही त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. बंद खोके हा राज्याच्या कायद्यावरचा पडदा होऊ शकत नाही, हे भारतीय न्यायव्यवस्थेचे सत्तर वर्षांहून जुने मत आहे.

गावाचे मत आणि बाहेरची पिशवी

महाराष्ट्रात या तत्त्वाला एक खास वजन आहे, कारण इथे दारूचा निर्णय केवळ मंत्रालयात होत नाही. महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ साली ती आली, आणि डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. गावपातळीवर आडवी बाटली हे शब्द महाराष्ट्रातल्या बायकांनी राजकारणात आणले. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. अर्ध्याहून अधिक मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने उभे राहिले तर दुकानाला टाळे लागते. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्कमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. सीवूड्ससारख्या उपनगरात, जिथे जवळजवळ प्रत्येक दुकान कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या तळमजल्यावर असते, तिथे या एका अटीने रहिवाशांच्या हाती मोठा अधिकार येतो.

सीवूड्सहून पनवेलच्या लोकलमध्ये बसले की बेलापूरनंतर खारघर लागते. तिथे ठाणे जिल्हा संपून रायगड सुरू झालेला असतो आणि नवी मुंबईऐवजी पनवेल महापालिका असते. खारघरच्या नागरिकांनी आपल्या वसाहतीत दारूची दुकाने आणि बार नकोत म्हणून अनेक वर्षे लढा दिला आहे. त्यांचे मत कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण आपल्या रस्त्यावर काय विकावे यावर बोलण्याचा त्यांचा हक्क नाकारता येणार नाही. समजा उद्या देशभरातून कुणीही टपालाने बाटली पाठवू शकला, तर आडवी बाटली, सोसायटीचे ना-हरकत पत्र, खारघरचा लढा आणि गडचिरोलीची तीस वर्षांची मेहनत, या सगळ्यांना टपालाच्या एका तिकिटाने बगल देता येईल. मतदान गावात होणार आणि निर्णय परराज्यातल्या गोदामात. निवडणुकीतही तेच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-क कलमाने मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दारू विकण्यास आणि वाटण्यास मनाई आहे. दुकानाचे शटर तपासता येते. हजारो पार्सलांच्या ढिगात मतदारांसाठी आलेल्या बाटल्या कशा शोधायच्या?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सगळ्यात बिनतोड वाटतो. २०२० साली सरकारनेच दारू घरपोच दिली, मग टपालाला का नाही? त्या वर्षी मेच्या सुरुवातीला दुकाने उघडली तेव्हा एवढी गर्दी लोटली की मुंबईत ती लगेच पुन्हा बंद करावी लागली. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना घरपोच विक्रीचा विचार करायला सुचवले आणि त्या महिन्याच्या मध्यापासून महाराष्ट्रात परवानाधारक दुकानांना घरी पोचवण्याची मुभा मिळाली. झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल यांनीही ॲपच्या मदतीने तशीच सोय केली. पण त्या सोयीची घडण पाहा. दारू त्याच भागातल्या परवानाधारक दुकानातून निघत होती, तिच्यावर याच राज्याचा कर भरलेला होता, घेणाऱ्याकडे परमिट असणे बंधनकारक होते आणि बाटली हाती देणारा माणूस दुकानदाराच्या जबाबदारीवर होता. कायद्याचे सगळे प्रश्न दाराशी विचारले जात होते. म्हणजे सीमारेषा दुकान आणि घर यांच्यामध्ये नव्हतीच. ती ओळखीचा, जबाबदार हात आणि अनोळखी, बंद खोके यांच्यामध्ये होती. घरपोच दारू असावी की नसावी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. टपालाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

दुसरा आक्षेप असा, की कायदा असूनही लोक करतातच. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत बाटल्या असतात आणि कुरिअरच्या खोक्यात कपड्यांखाली दडवून दारू जाते. हे घडते, म्हणूनच सिंधुदुर्गात इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेले, त्यामुळे शेजारच्या स्वस्त राज्याचा मोह वाढणार हेही उघड आहे. पण मोह वाढतो म्हणून दार सताड उघडावे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आज चोरून पाठवणारा एकेक खोके जपून पाठवतो, कारण पकडले जाण्याची भीती असते. तेच कायदेशीर झाले तर तो एक मोठा धंदा होईल आणि शुल्कातला फरक त्याचा नफा ठरेल. शिवाय दारूच्या बाबतीत बाटली कुठून आली हा जिवाचा प्रश्न असतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती हातभट्टीची दारू होती, पार्सलची नव्हती, हे खरे. पण स्रोत दडलेली दारू किती घातक ठरू शकते याची किंमत आपण तिथे मोजली. नामांकित बाटल्यांत हलकी दारू भरणाऱ्यांना निनावी पार्सलासारखे दुसरे सोयीचे साधन मिळणार नाही.

तिसरा आक्षेप नाशिकचा आहे आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. २००१ सालच्या राज्याच्या धोरणाने द्राक्षवाईनच्या उद्योगाला बळ दिले आणि नाशिक देशाची वाईनची राजधानी झाली. छोट्या उत्पादकाला प्रत्येक राज्यात वितरक शोधणे परवडत नाही. ग्राहकाला थेट पाठवता आले तर शेतकऱ्यालाही फायदा होईल, असे ते म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवू द्यायचे ठरवले तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. पण या अडचणीवर उत्तर आहे आणि ते पुन्हा अमेरिकेतच सापडते. २००५ साली ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्याने स्वतःच्या वाईन उत्पादकाला घरपोच विक्रीची मुभा द्यायची आणि परराज्यातल्याला नाकारायची, असा भेद चालणार नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांनी थेट विक्री खुली केली. पण कशी? उत्पादकाने ज्या राज्यात माल पाठवायचा तिथला परवाना घ्यायचा, तिथला कर भरायचा, ठरलेल्या मर्यादेतच पाठवायचे आणि दाराशी सज्ञान माणसाची सही घेतल्याशिवाय खोके द्यायचे नाही. हे काम खासगी वाहतूकदार करतात. टपालाला त्यातही प्रवेश नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक, गोवा यांसारखी राज्ये आपसांत करार करून वाईनपुरती अशी व्यवस्था उभारू शकतात. नाशिकच्या शेतकऱ्याला हवा आहे राज्याराज्यांमधला खुला, नोंदलेला परवाना, आणि तो देण्यासाठी टपालाच्या पिशवीचे तोंड उघडण्याची गरज नाही.

चौथा आक्षेप स्वातंत्र्याचा. सज्ञान माणसाने घरी काय प्यावे हे सरकारने का ठरवावे? याला माझे उत्तर असे, की पिण्याच्या परवान्यांची पद्धत सुधारायला हवी हे मान्य. एकदिवसीय परमिटची चिठ्ठी बाटलीसोबत यंत्रवत फाडली जाते तेव्हा कायद्याचा आदर वाढत नाही, घटतो. परमिट सोपे, खरे आणि घरबसल्या मिळणारे असावे. पण पिण्याचे स्वातंत्र्य वेगळे आणि कुणालाही न दिसता पाठवण्याचे स्वातंत्र्य वेगळे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. सीवूड्समध्ये सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी वसाहत उभारलेली असल्याने ही सवलत इथल्या पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाची आहे. तिच्यात आणि टपालाच्या मनाईत विसंगती नाही. विमानतळावर बाटलीचा मालक अधिकाऱ्यासमोर उभा असतो, त्याचे वय आणि त्याचा माल एकाच वेळी दिसतात. कायद्याला बाटलीशी वैर नाही, बाटलीमागे माणूस दिसावा एवढीच त्याची अट आहे.

टपालाच्या बाजूने

आतापर्यंतचा युक्तिवाद दारूच्या कायद्याच्या बाजूने झाला. पण या नियमाचा मोठा लाभ टपालालाच होतो. टपाल कायदा, २०२३ च्या ९ व्या कलमाने केंद्र सरकारला काही कारणांसाठी टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार दिला आहे. सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेबरोबरच कायद्याचा भंग हेही त्यातले एक कारण आहे. हा अधिकार किती व्यापक असावा, यावर संसदेत आणि बाहेर चिंता व्यक्त झाली आणि ती रास्त आहे. अशा वेळी दारूला टपालात वाट दिली तर काय होईल? प्रत्येक राज्याचा उत्पादन शुल्क विभाग म्हणेल, आमचा कर बुडतो, आमच्या बंदीच्या जिल्ह्यात माल शिरतो, आम्हाला पार्सले तपासू द्या. ही मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही आणि म्हणूनच ती मान्य होत जाईल. फेणीच्या निमित्ताने उघडलेल्या खोक्यात मग औषधे, कागदपत्रे, खासगी वस्तूही दिसतील. आज टपाल कर्मचाऱ्याला आत डोकावण्याचे कारण क्वचित पडते, ते रोजचे होऊन बसेल. दारू बाहेर ठेवली म्हणून बाकी टपाल बंद राहू शकते, हा या नियमाचा न दिसणारा लाभ आहे.

तेव्हा नियम ठेवावा, पण तो लोकांना नीट सांगावा. टपालाच्या खिडकीवर मराठीत ठळक लिहावे, की कोणतीही मादक पेये, भेट म्हणूनही, पार्सलात घालू नयेत. कुरिअर कंपन्यांनीही तेच करावे. पुष्कळ लोक हेतूने नव्हे, अज्ञानाने कायदा मोडतात, आणि एका बाटलीपायी सणासुदीच्या भेटीचे खोके जप्त होणे कुणाच्याच हिताचे नाही. सीवूड्सच्या रहिवाशाने इथल्याच परवानाधारक दुकानातून, परमिटसह, दारू घ्यावी. परराज्यातली हवी असेल तर त्या राज्याचा आणि महाराष्ट्राचा नियम आधी विचारून, हवी ती परवानगी घेऊनच स्वतः आणावी. छोट्या उत्पादकांनी थेट विक्रीची मागणी टपाल खात्याकडे न करता राज्य सरकारकडे करावी आणि सरकारने ती गांभीर्याने ऐकावी. दारू किती आणि कुठे विकली जावी याबद्दल या राज्यात दीर्घकाळ मतभेद राहतील, तसे ते असायलाही हवेत. ते मतभेद ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, मतपेटीत आणि विधानसभेत मिटवायचे आहेत. त्या निर्णयाला बगल देण्याचे साधन म्हणून टपाल वापरले जाऊ नये, यासाठी बाटलीला टपाल बंद आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे.